सीट सोडण्याचा अर्ज

डब्यातून नमुना बाहेर काढला आणि बघते तर दोन्ही दोरे सारख्याच लांबीचे. स्तनातली गाठ काढून पॅथॉलॉजीला, म्हणजे आमच्याकडे तपासणीला, पाठवताना सर्जनने तिला दोन टाके घालून द्यायचे असतात. आखूड टाका वरच्या बाजूला, लांब टाका काखेच्या बाजूला. ‘शॉर्ट सुपीरियर, लाँग लॅटरल’ हे सर्जरीच्या रेसिडेंटला, म्हणजे तिथे शिकणाऱ्या डॉक्टरला, पहिल्या महिन्यातच पाठ होतं. शरीरातून बाहेर आलेल्या त्या पिवळट गोळ्याला स्वतःचं वरखाली काही उरलेलं नसतं. ते त्या दोन दोऱ्यांवरच अवलंबून असतं. उद्या एखाद्या कडेला कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर ती कड नेमकी कुठली, हे सांगता यायला हवं. नाहीतर सर्जन पुन्हा कापणार कुठे? मी इंटरकॉमवरून ओटीला, म्हणजे ऑपरेशन थिएटरला, फोन लावला आणि खाली कुणालातरी पाठवा म्हटलं. फर्स्ट इयरचा मुलगा आला. डोक्यावर ओटीची टोपी तशीच, पायात ओटीच्या चपला. या चपलांनी बाहेर यायचं नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. त्याने गोळा हातात घेऊन अलगद फिरवला, क्षणभर डोळे मिटून स्वतःच्या अंगावर ती बाजू जुळवून बघितली आणि म्हणाला, “ही वरची, मॅडम. दोरा कापताना गडबड झाली.” त्याने दाखवल्याप्रमाणे मी एकेका बाजूला वेगवेगळ्या रंगाची शाई लावत गेले. काम संपलं तरी तो हलेना. मग भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत त्याने विचारलं, “मॅडम, सीट सोडायचा अर्ज डीनच्या नावे लिहायचा की एचओडींच्या?”

मी सांगितलं. डीनच्या नावे, एचओडींच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या, मार्फत. दोन प्रती काढायच्या, एकीवर आवक विभागाचा शिक्का घ्यायचा आणि ती स्वतःकडे ठेवायची. मूळ कागदपत्रं परत मागणारा अर्ज वेगळा. रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीतून फलाट क्रमांक सांगावा, तितक्या सहज सांगितलं. तो “थँक्यू मॅडम” म्हणून गेला आणि मी शाई वाळायची वाट बघत बसले.

त्याने ‘का सोडलीत’ हे विचारलंच नव्हतं.

बाकी सगळे तेच विचारतात. मी सर्जरीची पीजीची, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाची, सीट सोडून पुन्हा परीक्षा दिली आणि पॅथॉलॉजी घेतली, ही गोष्ट आमच्या छोट्या जगात कुणापासून लपलेली नाही. बायोडेटातली मधली मोकळी जागा बघून मुलाखत घेणाऱ्याची भुवई वर जाते. लग्नकार्यात एखादी मावशी हात धरून कोपऱ्यात नेते. इतक्या वर्षांत माझ्याकडे उत्तरांचा चांगला साठा झालाय आणि विचारणारा बघून मी त्यातलं एक काढून देते. नातेवाइकांना सांगते, पाठ धरायची, फार वेळ उभं राहणं झेपत नव्हतं. सर्जनना म्हणते, तुमच्याएवढा स्टॅमिना कुठला आमच्यात. त्यावर ते खूश होतात आणि विषय संपतो. पॅथॉलॉजीवाल्यांना सांगते, पहिल्यापासून याचीच आवड होती. तिन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. पाठ खरंच धरायची. पण पाठदुखीने कुणी शाखा सोडत नाही. पट्टा बांधून उभे राहणारे सर्जन मी रोज बघते.

मला खुपतं ते वेगळंच. सर्जरी घेतली तेव्हा ‘का घेतलीस’ असं कुणीही, अगदी एकाही माणसाने विचारलं नव्हतं. पेढे वाटले गेले, फोन आले, ‘आता काय, सर्जन होणार!’ झालं. आयुष्यभराचं काम ठरलं आणि त्याचं कारण कुणाला हवं नव्हतं. रँक हेच कारण. ज्यांना ही पद्धत माहीत आहे त्यांना मी काय वेगळं सांगणार? नीट-पीजी या प्रवेशपरीक्षेचे 200 प्रश्न, 800 गुण, चुकलं की एक वजा. त्यातून एक आकडा बाहेर येतो आणि त्या आकड्याच्या क्रमाने देशभरातले डॉक्टर एकामागून एक जागा उचलत जातात. वरच्यांनी रेडिओलॉजी उचलली, मेडिसिन उचललं, डर्मा उचललं. माझा नंबर येईपर्यंत जे शिल्लक होतं त्यात सर्जरी होती. बाबांनी आदल्या वर्षीचे कट-ऑफ छापून आणले होते आणि पिवळ्या मार्करने रेघा मारल्या होत्या. माझी आवड काय, हा प्रश्न त्या कागदांवर नव्हता. बाबांना दोष देत नाही मी. तो माझ्याही डोक्यात नव्हता. ‘सर्जरी मिळतेय आणि सोडायची?’ एवढा एकच युक्तिवाद झाला, तोही कुणी मोठ्याने केला नाही. चॉइस लॉक केली आणि आम्ही झोपायला गेलो.

आता मागे वळून बघताना वाटतं, आवड म्हणून माझ्याकडे तेव्हा होतं तरी काय? इंटर्नशिपमध्ये सर्जरीच्या पोस्टिंगला एका लेक्चररनी मला त्वचेचे टाके घालू दिले होते. मागे उभं राहून बघत ते म्हणाले, “हात चांगला आहे तुझा.” एवढंच. त्या चार शब्दांवर मी पुढची तीस वर्षं उभारायला निघाले होते. ‘डोळा चांगला आहे’ असं मला कुणी म्हणण्याची शक्यताच नव्हती, कारण मायक्रोस्कोपशी संबंध दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली त्या दिवशी संपला होता. सेकंड एमबीबीएसला पॅथॉलॉजी पाठ करायची, जर्नलमध्ये गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनी चित्रं काढायची, तोंडी परीक्षेत स्लाइड ओळखायची आणि विसरायचं. भूलशास्त्राला इंटर्नशिपमध्ये पंधरा दिवस मिळतात, त्यातले निम्मे सह्या गोळा करण्यात जातात. म्हणजे ज्या दुकानातला बहुतेक माल आपण पाहिलेलाच नाही, त्याच्या यादीवर आपण पसंतिक्रम लिहितो. आणि लिहितो तो तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी, महिनोन्‌महिने लायब्ररीत कोंडून घेतल्यावर, जेव्हा माणसाला फक्त ‘एकदाचं संपू दे’ असं वाटत असतं.

अमेरिकेत हे काम गणितावर सोपवलंय. तिथे 1952 पासून ‘मॅच’ आहे: उमेदवार आपली यादी देतो, हॉस्पिटल आपली देतं आणि दोन्ही याद्या जुळवल्या जातात. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी 1962 मध्ये दाखवून दिलं की अशा याद्यांवरून नेहमीच एक स्थिर जुळणी काढता येते. म्हणजे एकमेकांसाठी आपापली जागा सोडायला तयार होतील असा एकही उमेदवार आणि एकही हॉस्पिटल त्यात उरत नाही. पुढे ॲल्विन रॉथ यांनी त्या मॅचची पद्धत नव्याने बांधली, आणि 2012 मध्ये रॉथ आणि शॅप्ली यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हेवा वाटला. मग लक्षात आलं की गणिताची सगळी हमी त्या यादीपासून पुढची आहे. यादी लिहिणाऱ्याला स्वतःचं मन कळलंय, हे गणिताने गृहीतच धरलंय. आमच्याकडे यादी रँकने खेचली जाते, तिथे ती मुलाखतींनी आणि शैक्षणिक कर्जाने खेचली जात असेल, पण ती लिहिणारा हात त्याच वयाचा.

सर्जरीचं पहिलं वर्ष कसं गेलं, ते फार लांबवत नाही. केंद्र सरकारचा 1992 चा आदेश आहे, रेसिडेंटला सलग बारा तासांच्या वर आणि आठवड्याला 48 तासांच्या वर ड्यूटी लावू नये. हे वाक्य कुठल्याही सर्जरीच्या रेसिडेंट रूममध्ये मोठ्याने वाचून दाखवा, चांगली करमणूक होते. ड्रेसिंग, ब्लड बँक, रिपोर्ट ट्रेस करणं, राउंडच्या आधीचा राउंड, सीनिअरच्या शिव्या, हे सगळं आलंच. पण मी त्यामुळे सोडलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. दमणूक बाकीच्यांचीही होत होती. आणि ओटीत मला छान वाटायचं, अगदी मनापासून. पोट उघडल्यावर येणारी ती ऊब, डायथर्मीचा जळका वास, सगळ्यांचे डोळे एका वीतभर जागेवर. त्या वेळी मी दुःखी नव्हते.

फक्त माझं लक्ष भलतीकडे जायचं.

पित्ताशय काढून झालं की ते ट्रेमध्ये पडतं आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांच्या लेखी संपतं. त्यांची नजर रक्त कुठून येतंय का, टाके कसे घ्यायचे, पुढची केस कोणती, इकडे वळते. ते कापून आतले खडे नातेवाइकांना दाखवणं हे फर्स्ट इयरचं काम. मी कात्रीने ते उभं कापायची आणि खडे बाजूला सारून आतलं अस्तर बघत बसायची. हिरवट, मखमली, एखाद्यात त्यावर बारीक पिवळे ठिपके, स्ट्रॉबेरीवरच्या बियांसारखे दिसतात म्हणून पुस्तकात त्याला तेच नाव दिलंय. नातेवाईक खडे मोजायचे, मोबाइलवर फोटो काढायचे. आतून कुणीतरी ओरडायचं, “अगं, कुठे मेलीस? स्किन क्लोज करायचीय.” ती स्किन क्लोज करायची संधी, जिच्यासाठी बाकीचे भांडायचे, ती मी बऱ्याचदा दुसऱ्याला देऊन टाकली आणि नमुना हिस्टोपॅथला, म्हणजे पॅथॉलॉजीत असे नमुने तपासतात तिथे, पोचवायला स्वतः गेले. नमुना पोचवणं हे सगळ्यांत खालचं काम. ते कुणी मागून घेत नसतं. तिथले एक सर कधी डोकं वर न करता “ठेव तिकडे” म्हणायचे, कधी “बघायचंय?” म्हणून शेजारचं स्टूल पुढे सरकवायचे. दोघांना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप होता. एक हिरवा बाण पडद्यासारख्या त्या गुलाबी पसाऱ्यात फिरायचा आणि जिथे थांबायचा तिथे बघायचं.

एके दिवशी तो बाण जिथे थांबला तिथे पोटातल्या व्रणाच्या तुकड्यात काही पेशी विखुरलेल्या होत्या. प्रत्येकीच्या पोटात पारदर्शक थेंब आणि केंद्रक कडेला ढकललेलं, खड्याच्या अंगठीसारखं. सिग्नेट रिंग, म्हणजे कॅन्सर. कागदावरचं नाव मला ओळखीचं निघालं. माझ्याच वॉर्डातला माणूस. सकाळीच त्याने विचारलं होतं, “मॅडम, घरी कधी सोडणार?” त्याचा व्रण साधा असेल अशी आम्ही सगळ्यांनी समजूत करून घेतली होती. आता ते साधं नाही हे जगात दोन माणसांना कळलं होतं आणि त्यातली एक मी होते. वाईट वाटलं, पण नंतर, वॉर्डात परत गेल्यावर. त्या स्टुलावर असताना जे वाटलं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकले नाही. तिथे विचार पुरा होत होता. वॉर्डात माझा कुठलाच विचार पुरा होत नसे; अर्ध्यात कुणीतरी हाक मारायचं. कित्येकांना ती हाकच जगवते, हे मी पाहिलंय. इमर्जन्सीच्या रात्री ज्यांचे डोळे लकाकतात असे माझ्या बॅचमध्ये दोघे होते. मी त्यांच्यातली नव्हते, एवढंच. त्यात त्यांचं मोठेपण नाही आणि माझं खुजेपणही नाही, असं आता म्हणते; तेव्हा ते खुजेपणच वाटत होतं.

अर्ज द्यायला गेले तेव्हा एचओडींनी चष्मा काढून विचारलं, “घरी काही प्रॉब्लेम?” नाही म्हटलं. “लग्न?” नाही. “मग?” या ‘मग’चं उत्तर देता येईना. मनाविरुद्ध काहीच घडलेलं नसताना माणूस जातो, हे त्यांना पटत नव्हतं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं. आपल्याकडे पीजीची शाखा आतल्या आत बदलता येत नाही. सर्जरीतून उठून शेजारच्या विभागात जाऊन बसलात असं होत नाही. सीट सोडायची, दंड भरायचा, पुन्हा परीक्षेला बसायचं आणि पुन्हा त्या रांगेत उभं राहायचं. सोडलेली सीट मग वाया जाते आणि म्हणून राज्यांनी सीट सोडणाऱ्यांवर बाँड लावले. मध्य प्रदेशात ती रक्कम 30 लाख होती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जानेवारी 2024 मध्ये राज्यांना पत्र पाठवून असा दंड बंद करण्याचा विचार करा असं सुचवलं. त्याऐवजी हवं तर एक वर्ष त्या राज्यात प्रवेश देऊ नका. त्याच सुमाराला माहिती अधिकारात बाहेर आलेल्या आकड्यांनुसार पाच वर्षांत अकराशेहून जास्त पीजींनी शिक्षण अर्ध्यावर सोडलं होतं. त्यातले किती छळाला कंटाळून गेले, किती माझ्यासारखे, हे आकडा सांगत नाही. अर्जावर सगळ्यांचंच ‘वैयक्तिक कारण’ असतं.

माझ्या वेळी दंड भरावा लागला. बाबांनी मुदतठेव मोडली. ज्या कागदांवर पिवळ्या रेघा मारल्या होत्या त्याच फाइलमध्ये त्यांनी पावती ठेवली आणि “ही हरवू नको” एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण पैशाहून जास्त लागलं ते दुसरंच. माझ्या युनिटमध्ये फर्स्ट इयरचे आम्ही मोजकेच होतो. मी गेल्यावर माझ्या इमर्जन्सी बाकीच्यांत वाटल्या गेल्या. माझी रूममेट माझ्याच युनिटमध्ये होती. मी बॅग भरत होते तेव्हा ती आंघोळ न करता, बूटही न काढता पलंगावर आडवी झाली होती. “तू जा गं, तुझं बरोबर आहे,” म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. पुढे कित्येक महिने तिने फोन उचलला नाही. शाखा बदलण्याच्या गोष्टी लोक स्वतःच्या धाडसाच्या म्हणून सांगतात तेव्हा मला ती पाठ दिसते. माझं धाडस तिच्या झोपेतून वजा झालं होतं.

समजूत घालायला आलेल्या एका प्राध्यापिकेने तेव्हा मला व्हर्जिनिया ॲपगार या अमेरिकन डॉक्टरची गोष्ट सांगितली होती. मला अशा गोष्टींचा राग येतो. सोडणाऱ्यांपैकी ज्याचं नाव झालं त्याचीच गोष्ट होते. वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने स्वतःच्या हृदयात नळी सरकवली आणि पुढे मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून काम करत असताना त्याला 1956 चं नोबेल मिळालं, याने माझा दंड थोडाच कमी होणार होता? पण ॲपगारबाई डोक्यातून गेल्या नाहीत. लेबर रूममध्ये इंटर्न असताना त्यांच्या नावाचे गुण मी लिहिले होते: बाळ जन्मल्यावर पहिल्या मिनिटाला आणि पाचव्या मिनिटाला, हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिसाद, रंग; प्रत्येकाला शून्य ते दोन. मला वाटायचं बाई बालरोगतज्ज्ञ असणार. त्या सर्जन व्हायला निघाल्या होत्या. कोलंबियातून 1933 मध्ये डॉक्टर झाल्या, सर्जरीचं प्रशिक्षण सुरू केलं, आणि त्यांचे प्रमुख ॲलन व्हिपल यांनीच त्यांना सर्जरी सोडून भूलशास्त्राकडे जा असं सांगितलं. मंदीचे दिवस होते. व्हिपल यांनी तयार केलेल्या आधीच्या बायकांना सर्जन म्हणून जम बसवता आला नव्हता. आणि भूल देण्याचं काम तेव्हा बहुतेक नर्सेस करत, त्याला धड शाखा म्हणूनही मान नव्हता. त्या गेल्या. 1949 मध्ये तिथल्या वैद्यकीय शाळेतल्या पहिल्या महिला पूर्ण प्राध्यापक झाल्या, 1952 मध्ये तो स्कोअर मांडला. पुढे पन्नाशीच्या उंबरठ्यावर भूलशास्त्रही सोडून त्या सार्वजनिक आरोग्य शिकायला जॉन्स हॉपकिन्सला गेल्या, आणि नंतर जन्मजात दोषांवर काम केलं.

या गोष्टीत मला अडकवतात ते व्हिपल. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं जे मोठं ऑपरेशन त्यांच्या नावाने ओळखलं जातं, त्याचे नमुने आज माझ्या टेबलावर येतात: जठराचा तुकडा, ड्युओडेनम, स्वादुपिंडाचं डोकं, पित्तनलिका, सगळं एकमेकांना चिकटलेलं. ते उलगडायला निम्मी दुपार जाते. तर, त्यांनी दाखवला तो मार्ग होता की दार लावून घेतलं होतं? दोन्ही असावं. आणि बाईंनी तो मानला तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? सांगणारे इथे घाई करतात आणि थेट स्कोअरवर येतात.

मी दुसऱ्यांदा परीक्षेला बसले तेव्हा आजूबाजूला माझ्याहून लहान मुलं होती. चॉइस भरताना पॅथॉलॉजी पहिल्या क्रमांकावर टाकली. रँक अशी होती की त्याहून ‘वरचं’ काही मिळालं असतं, आणि एका चुलतभावाने मनापासून काळजीने विचारलं, “क्लिक चुकून झालं का? बदलता येतं का अजून?” यावेळी कारणं विचारणारे पुष्कळ होते. माझ्याकडे पहिल्यांदाच ती द्यायला काहीतरी होतं आणि मला ती द्यावीशी वाटली नाहीत.

इथे सगळं मनासारखं आहे असं नाही. फ्रोझन सेक्शनच्या वेळी मला सर्जरी आठवते. ओटीतून ताजा तुकडा येतो. तो क्रायोस्टॅटमध्ये उणे वीस अंशांना गोठवायचा, कागदाहून कितीतरी पातळ काप घ्यायचा, रंगवायचा, बघायचा आणि वीसेक मिनिटांत इंटरकॉमवर सांगायचं: कड मोकळी आहे की नाही. पलीकडे काय चाललंय हे मला दिसतं. पोट उघडं आहे, त्यावर ओला मॉप टाकलाय, रिट्रॅक्टर धरून उभ्या असलेल्या पोराचा खांदा भरून आलाय, भूलतज्ज्ञ घड्याळ बघतोय. माझ्या सहकाऱ्यांना हे ऐकून माहीत आहे, मला खांद्याने माहीत आहे. त्यामुळे मी लवकर फोन करते का? नाही. उलट एक काप जास्तच घेते. पण काही सर्जन फोनवर “तू बघितलंस ना? मग झालं,” म्हणतात तेव्हा आवडतं, आणि माझ्याहून अनुभवी असलेल्या शेजारच्या बाईंना ते ऐकू गेलं असेल या विचाराने ओशाळायलाही होतं. कधीकधी नमुन्याची बाजू समजून घ्यायच्या निमित्ताने मी ओटीत जाते. खरं तर फोनवर भागलं असतं. भिंतीला टेकून उभी राहते, आणि कुणी घाईघाईत ढिली गाठ मारली की माझी बोटं आपोआप हलतात. पेशंट उठून बसला, चालत घरी गेला, जाताना नमस्कार करून गेला, हे सुख माझ्या वाट्याला आता येत नाही. माझे पेशंट मला ओळखत नाहीत. त्या सिग्नेट रिंगवाल्याचं पुढे काय झालं, हे मी कागद चाळून शोधलं होतं. हल्ली कुणाचं शोधत नाही.

दुसऱ्या वर्षाची मुलं कधी तासानंतर थांबून विचारतात, मॅडम, कुठली ब्रँच घ्यावी? मी त्यांना एवढंच सांगते की त्या शाखेतलं मोठं ऑपरेशन किंवा भारी केस बघायला जाऊ नका, एखाद्या मंगळवारी दुपारी तिथे जा आणि लोक काय करत बसलेत ते बघा. त्वचारोगात सलग साठवी खाज. रेडिओलॉजीत अंधाऱ्या खोलीत लागोपाठ तशीच सोनोग्राफी. माझ्याकडे आलात तर मी अपेंडिक्स कापत बसलेली असेन, त्याच्या आधीही अपेंडिक्स, नंतरही. ते बघूनही तिथे बसावंसं वाटलं तर विचार करा. मुलं हसतात आणि कट-ऑफ बघायला जातात. जावंच लागतं, रँक शेवटी रँक आहे.

तो टोपीवाला मुलगा गेला नाही. त्याने अर्ज लिहिला की नाही, लिहून फाडला की कपाटात ठेवला, मला कल्पना नाही. तो आता थर्ड इयरला आहे, स्वतः ज्युनिअरवर ओरडतो, आणि त्याच्या युनिटचे नमुने बिनचूक येतात. माझी ती रूममेट राहिली आणि आज उत्तम सर्जन आहे. पहिली दोन वर्षं रोज जावंसं वाटत होतं, असं तिनेच नंतर सांगितलं. राहून कडवट झालेलाही एक जण माझ्या ओळखीचा आहे. या मुलाला, तू का राहिलास, असं विचारायचं अनेकदा मनात आलं. विचारलं नाही. राहणाऱ्याला तसं विचारायची पद्धत नाही.

मध्यंतरी कायम नोकरीसाठी कागद भरत होते. त्यात एक रकाना होता: यापूर्वी कोणताही पदव्युत्तर अभ्यासक्रम अपूर्ण सोडला असल्यास कारण. मी लिहिलं, ‘शाखा बदल’. खिडकीतल्या कारकुनाने कागद परत सरकवला. “मॅडम, हे कारण नाही झालं. बदल का केला ते लिहा.” मागे रांग होती. मी पेन हातात धरून थोडा वेळ उभी राहिले, मग खाली ‘वैयक्तिक’ असं लिहून दिलं. त्याने ते वाचलं, मान डोलावली आणि शिक्का मारला.